जित्या माणसाच्या नावाचा निंब

ज्या झाडाखाली तुम्ही रोज सायकल उभी करता, विडी संपेपर्यंत हलत नाही आणि वर उन्हाला शिव्या देता, त्या झाडाचं नाव काय?

निंब, असं म्हणाल. ते झालं त्याचं कूळ. तुम्हाला नाव विचारलं तर तुम्ही 'माणूस' म्हणून सांगता का? नाही माहीत ना? मग मान खाली घालू नका, जळगावात आता कुणालाच माहीत नसतं. इथे नवा माणूस आला की पहिल्या वर्षी सावली शोधतो, आणि दुसऱ्या वर्षी तीच सावली आपल्या ओट्याला आडवी येते म्हणून कुऱ्हाड शोधतो. पण कापसाच्या जिनाच्या फाटकापासून पिंप्राळ्याच्या बाजूला नाल्यापर्यंत जो रस्ता जातो, त्याच्यावरच्या एकूण एक निंबाला नाव आहे, आणि ती सगळी नावं एका बाईला तोंडपाठ होती.

तिचं नाव भिकुबाई. तिला भिकुबाई कुणी म्हणत नसे. लहानथोर सगळे अक्का म्हणत. पाठीमागे काय म्हणत ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि अक्कानं त्यावर जे उत्तर दिलं असतं ते तर मुळीच नाही.

अक्का पारोळ्याकडची. पूर्व खानदेशाचा जिल्हा वेगळा होऊन जळगाव त्याचं ठाणं झालं, त्या सुमारास ती इथे आली. कपाळ पुसलेलं, पदरात मूल नाही. भाऊ अभिमन जिनात गाठी ओढायला होता, त्यानं तिला आणून तिथेच कामाला लावलं. बायका ओळीनं बसून यंत्रात कापूस सारायच्या. रुई एकीकडे, सरकी एकीकडे, आणि तंतू नाकातोंडात. संध्याकाळी बाहेर पडल्या की सगळ्या म्हाताऱ्या दिसायच्या, केसांवर भुवयांवर पांढरं पांढरं. समोर रस्ता, आणि रस्त्यावर झाड म्हणून नाही. जिनाच्या इंजिनाला जळण लागे. जळण म्हणजे काय? बाभूळ संपली, मग बोर संपली, मग चिंच. गाव वाढत होतं आणि आपल्याच अंगावरचं पांघरूण जाळून शेकत होतं.

अक्काला ह्यातलं काही असं सुचलं नव्हतं. तिला एवढंच कळत होतं, की जिनातून झोपडीपर्यंत चालताना डोकं भाजतं.

आता आखाजी म्हणजे काय, हे खानदेशात सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगून टाकू. वैशाखातल्या त्या दिवशी घराघरात नवी मातीची घागर आणतात, पाण्यानं भरतात, तिच्यावर खरबूज ठेवतात आणि गेलेल्या माणसाच्या नावानं पुजतात. बापाची घागर, आजाची घागर. वर सांजोऱ्या, आमरस. कावळा जेवला की घर जेवतं. आणि त्याच दिवसांत सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात आणि सासूला मनसोक्त शिव्या घालत आभाळात जातात. एका हातानं मेलेल्यांना पाणी, दुसऱ्या हातानं लेकींना झोका. असा आपला सण.

अक्कानं पहिल्या वर्षी नवऱ्याची घागर भरली. दुसऱ्या दिवशी घागरीकडे बघत बसली. एकट्या बाईला एवढी मोठी घागर काय करायची? झोपडीपुढे कावळ्यानं टाकलेल्या निंबोळीतून एक रोप आलं होतं. दिवसभर ती जिनात, रोपाला पाणी कोण घालणार? माहेरी दोडक्याच्या वेलाजवळ मडकं पुरत, ते तिला आठवलं. तिनं घागरीच्या बुडाला खिळ्यानं भोक पाडलं, जिनातल्या कापसाची वात ओढून घट्ट बसवली, आणि घागर गळ्यापर्यंत रोपाशेजारी पुरली. एकदा भरली की पाणी आठवडाभर झिरपत राही.

शेजारणींनी गालावर हात मारले. "बाई, नवरानी घागर मातीमा गाडस का?"

"मंग काय डोकावर लीसन फिरू?" अक्का म्हणाली.

तो निंब काही जगला नाही. गुडघाभर झाला आणि शेळीनं खाल्ला. पुन्हा लावला, पुन्हा खाल्ला. तिसऱ्यांदा बाभळीचे काटे लावले तर वाळवी लागली. कुणी हळहळलं की अक्का म्हणे, "त्यानं काय नवल? जित्ता व्हता तवय बी एक जागे टिकना नही." आणि तोंडाला पदर लावून हसे. त्या हसण्यात काय होतं ते तिचं तिला ठाऊक.

मग ते मोठ्या तापाचं वर्ष आलं. पहिली जर्मन लढाई संपत आली होती, पाऊस गेला होता, आणि ताप घरोघर हिंडला. अभिमनही त्यातच गेला. पुढच्या आखाजीला वस्तीत असं घर नव्हतं, की जिथे नवी घागर भरावी लागली नाही. काही घरांत तर घागरी ओळीनं मांडल्या होत्या, थोरल्याची मोठी, पोराची लहान. सण झाला. एरवी त्या घागरीतलं पाणी उन्हाळाभर लोक पितात. त्या वर्षी कुणाचा तांब्या आत जाईना. बायका घागरीपुढे बसून राहायच्या.

अक्का दारोदार गेली. "तुमले ह्या घागरनं पानी पिवावत नही तर माले द्या," ती म्हणाली. "झाड पिई."

आणि लोकांनी दिल्या. नाही म्हणायला कुणात जोर नव्हता म्हणा, किंवा त्या घागरी डोळ्यांसमोरून जाव्यात पण फुटू नयेत, एवढंच हवं होतं म्हणा. अक्कानं फाटकापासून नाल्यापर्यंत खड्डे घेतले. प्रत्येक खड्ड्यात एक रोप, रोपाशेजारी घागर, भोवती काटे. ज्याची घागर, त्याचा निंब. हा झुलाल आबांचा, हा अभिमनचा, हा भटूच्या धाकटीचा. जिनातून सुटलेल्या बायका जिनाच्या हौदावरून एकेक तांब्या भरून न्यायच्या आणि जाता जाता आपापल्या माणसाला पाजायच्या. फाटकावरचा पहारेकरी ओरडला, की हे जिनाचं पाणी आहे. अक्का त्याला म्हणाली, "तुना बापनी घागर बी आण, त्याले बी पाजसू." तो दुसऱ्या दिवशी आणून ठेवून गेला.

आता त्यातली चूक ऐका. चूक अक्काचीच.

वस्तीत सुंदरबाई नावाची बाई होती. तिचा एकुलता एक मुलगा भाईदास लढाईच्या मजुरीवर बसऱ्याला गेलेला. वर्ष उलटून गेलं, खबर नाही. पारोळ्याचा एक जण परतला, तो म्हणाला, त्या टोळीत पटकी आली, माणूस राहिला नाही. सुंदरबाई ना रडेना ना जेवेना. उंबऱ्यावर बसून स्टेशनाकडे बघे. अक्कानं तिची दशा बघितली आणि त्याच आखाजीला स्वतः घागर नेऊन तिच्यापुढे ठेवली. "भरी टाक बाई," ती म्हणाली. "मन मोकळं व्हई. कितला दिन असं बससी?"

सुंदरबाईनं भरली. आईनं पोराची घागर भरली. त्या रात्री ती पहिल्यांदा रडली आणि पहिल्यांदा झोपली. भाईदासचा निंब रांगेच्या मधोमध लागला, आणि आईच पाणी घालायची म्हणून सगळ्यांत जोरात वाढला.

पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी एक माणूस स्टेशनाकडून आला. अंगात खाकी कोट, खांद्यावर पत्र्याची पेटी. अक्का खाली वाकून घागरी भरत होती. माणूस थांबला. ही रांग त्यानं पूर्वी बघितलेली नव्हती.

"कोना निंब शे हाऊ?" त्यानं विचारलं.

"भाईदासना," अक्का मान वर न करता म्हणाली.

"कोन भाईदास?"

"सुंदरबाईना आंडोर. बसऱ्याले मरी गया. भलता गुणी पोऱ्या व्हता."

"व्हता का?" माणूस म्हणाला. "जित्ता व्हता तवय तर तू त्याले रोज शिव्या देस व्हती, अक्का."

अक्काच्या हातातला तांब्या पडला. ती उठली, त्याच्या तोंडावरून हात फिरवला, नाक चाचपलं, कान ओढून बघितला. आणि मग तिला काय बोलावं ते सुचेना, तेव्हा ती म्हणाली, "जित्ता शे तर मंग तांब्या उचल. तुना झाडले तूच पानी घाल."

हसू आलं ना? भाईदासला आलं नाही. आईनं त्याला मिठी मारली, गावानं गूळ वाटला, पण दोन दिवसांनी वस्तीतले जाणते जमले आणि डोकी हलवू लागले. जित्या माणसाची घागर भरली, हे वाईट. त्याचं झाड वाढतंय, हे त्याहून वाईट. उपटून टाका. सुंदरबाई घाबरली. अक्का मात्र काट्यांपुढे बसली आणि म्हणाली, चूक माझी, झाडानं काय केलं? ते फक्त पाणी प्यालं. तिच्या तोंडाला लागायची कुणाची तयारी नव्हती. निंब राहिला.

राहिला, आणि त्यानं एक भलतंच केलं. बाकीच्या झाडांखाली कुणाचे ना कुणाचे आजे-पणजे होते. त्यांच्या फांदीला दोर टाकून पाय हलवत कोण बसणार? पोरींना झोक्याला झाड हवं, आणि सगळ्या रस्त्यावर एकच निंब असा होता, की ज्याच्याखाली कुणी मेलेलं नव्हतं. त्यामुळे फांदी जराशी जाड झाली, तशी दर आखाजीला वस्तीतली यच्चयावत पोर भाईदासच्या निंबावर. भाईदासचं लग्न झालं, मुलगी झाली, धुरपदा. ती चालायला शिकली त्याच झोक्याला धरून. मोठी झाली, धुळ्याला दिली, आणि आखाजीला आली की पेटी घरात ठेवायच्या आधी झाडाशी जाऊन दोर तपासायची.

मधल्या वर्षांत भाईदास वर चढला. त्यानं लाकडाची वखार काढली, जिनांना जळण पुरवू लागला, धोतराची निरी कडक झाली. माणूस वाईट नव्हता. पण गाव त्याला विसरू देत नव्हतं. पंगतीत बसला की कुणीतरी वाढप्याला म्हणे, "अरे, भाईदासशेठला आधी वाढा, कावळ्याबरोबर." मुन्सिपाल्टीत कामाच्या करारावर सही करायला गेला तर एका मेंबरानं विचारलं, मेलेल्या माणसाची सही चालते का. सगळे हसले. भाईदासही हसला, आणि घरी येऊन जेवला नाही. त्याला वाटू लागलं, तो निंब उभा आहे तोवर आपण अर्धे मेलेलेच.

दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीच्या एका उन्हाळ्यात मुन्सिपाल्टीनं ठरवलं, की हा रस्ता रुंद करायचा. बैलगाड्या जाऊन लॉऱ्या येणार होत्या. निंबांची रांग आडवी येत होती, म्हणून ती काढायची. तोडणीचा ठेका पुकारला तर घ्यायला कुणी पुढे येईना. वखारवाले सगळे इथलेच, प्रत्येकाचा कुणीतरी त्या रांगेत उभा. मग भाईदास पुढे आला.

अक्काला ते जिनात कळलं. ती आता म्हातारी झाली होती, यंत्रावरून काढून तिला सरकी निवडायला बसवलं होतं. कापसाच्या तंतूंसकट ती तडक वखारीत गेली. भाईदास खाटेवर बसून चहा पीत होता.

"ये अक्का, बस. चहा घे."

"चहा ऱ्हाऊ दे. निंब तू लिधात?"

"लिधात."

"बठ्ठा?"

"बठ्ठा. सगळेच. मी नाही घेतले तर दुसरा घेईल."

"दुसरा कोनी लेत नव्हता, म्हनीसन तर तुनाकडे उनात."

भाईदासनं कप खाली ठेवला. "बरोबर बोललीस. कुणाचा हात धजत नाही. पण एका झाडाखाली कुणीच नाही अक्का, आणि ते माझं आहे. पहिली कुऱ्हाड त्याच्यावर. माझ्या नावाचं झाड मी तोडलं तर कोण बोलणार? ते पडलं आणि आभाळ काही कोसळलं नाही, हे लोकांनी बघितलं, की बाकीच्यांचं भ्या आपोआप जाईल."

अक्का खाली एका ओंडक्यावर बसली.  हा हिशेब पक्का होता आणि तिला तो लगेच कळला. सगळ्या रांगेत एकच निंब बिनपापाचा होता, आणि तो तिच्या चुकीनं उभा होता. तो गेला की अभिमन गेला, झुलाल आबा गेले, भटूची धाकटी गेली.

"त्यानावर इतला राग काबरं?" तिनं हळूच विचारलं.

"तुले माहीत नही?" भाईदासचा आवाज चढला, शहरी बोलणं गळून पडलं. "माले कावळासंगे वाढतस, अक्का. माले. तू माले जित्ताच मारी टाकं."

अक्काला वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण कावळ्याबरोबर वाढलेला भाईदास तिच्या डोळ्यांपुढे आला आणि तिला हसू फुटलं. दाबलं तरी फुटलं. भाईदासनं तोंड फिरवलं. अक्का उठून आली. रस्त्यानं येताना तिनं स्वतःला ज्या शिव्या दिल्या, त्या तिनं पहारेकऱ्यालाही कधी दिल्या नव्हत्या.

भाईदासनं सातपुड्याच्या पायथ्याकडून तोडणीची माणसं बोलावली. त्यांचा मुकादम बिजला, बोलायला कमी आणि कुऱ्हाडीला धार लावायला पक्का. आखाजी झाली की त्यांना आपल्या शेतांकडे परतायचं होतं, त्यामुळे सणाच्या आधी सुरुवात करणं भाग होतं. भाईदासनं सकाळ ठरवली आणि बिजलाला पुढे पाठवलं. मागाहून तो स्वतः आला, तर काय बघतो? बिजला कुऱ्हाड खांद्यावर टाकून उभा, त्याची माणसं उकिडवी बसलेली, आणि निंबाला झोका बांधून धुरपदा वर-खाली होतेय. आदल्या दिवशीच्या गाडीनं ती धुळ्याहून आली होती.

"का रे थांबलास?" भाईदासनं बिजलाला विचारलं.

"पोरगी बसली ना शेठ," बिजला म्हणाला. "फांदीसंगं तिला बी तोडू काय?"

भाईदास झोक्याजवळ गेला. "धुरपदा, उतर. काम आहे."

"कसलं काम, नाना?"

"झाड तोडायचंय."

झोका दोनदा गेला आणि आला. मग तिनं पाय टेकले, पण उतरली नाही. "नाना, धुळ्याला माझ्या जावा आपापल्या माहेरचं सांगत बसतात. कुणाचा मळा, कुणाची बागायत. मग मला विचारतात, तुझ्या माहेरी काय? मी सांगते, माझ्या बापाच्या नावाचं झाड आहे. त्या म्हणतात, आमच्याकडे झाडाला नाव मेल्यावर देतात. मी म्हणते, तेच तर. तुमच्या बापांना त्यासाठी मरावं लागतं. माझ्या बापाला जित्तेपणी मिळालं."

भाईदासनं झोक्याचा दोर धरला. आपली ही गोष्ट पांझरेच्या काठी, धुळ्यापर्यंत पोहोचली असेल, असं त्याला वाटलंही नव्हतं. "तू हे धुळ्यात सांगतेस?"

"बठ्ठासले सांगस," धुरपदा म्हणाली.

तेवढ्यात अक्का आली. हातात कुदळ. तिनं धुरपदाला काही म्हटलं नाही, बिजलाकडे बघितलं नाही. कुदळ भाईदासपुढे टाकली.

"तोड," ती म्हणाली. "तुनं झाड शे, माले काय? पन आधी मायनी घागर काढी ले. तिनी तुनासाठे भरेल व्हती. लॉरीखाले नको जावाले."

सुंदरबाई नुकत्याच सरलेल्या हिवाळ्यात गेली होती. अक्कानं तिचं नाव घेतलं नव्हतं, नुसतं 'माय' म्हटलं होतं. बिजला कुदळ उचलायला पुढे झाला, पण भाईदासनं त्याला हातानं अडवलं, कोट काढून दोराला अडकवला आणि स्वतः उकरायला बसला.

जमीन कठीण होती. हातभर खाली गेल्यावर खापर लागलं, लाल, एका बाजूनं काळं पडलेलं. त्यानं कुदळ ठेवली आणि बोटांनी माती काढली. खापऱ्या सुट्या होऊन हातात आल्या. घागर केव्हाच फुटली होती. पण आत घागर होतीच. निंबाची मुळं वातीच्या भोकातून आत शिरली होती, पाणी पीत पीत वाढली होती, आणि आत जागा होती तेवढी सगळी भरून बसली होती. फुगीर पोट, वर निमुळता गळा. मातीची घागर गेली आणि मुळांची घागर तशीच्या तशी उभी. सुंदरबाईनं कडेवर घेतली असती अशी.

बिजला वाकून बघत होता. त्यानं बोटानं मुळाला टिचकी मारली. "पाणी पिऊन बी पोट भरलं नाही ह्याचं," तो म्हणाला. "घागर बी पिलं." आणि कुऱ्हाड खांद्यावरून काढून खाली ठेवली.

भाईदासला बसावंसं वाटलं. बसायला दुसरं काही नव्हतं. धुरपदा झोक्यावरून उठली, तो झोक्याच्या पाटावर बसला. फांदी करकरली.

"धीरे बैस," अक्का म्हणाली. "जित्ता मानूस वजनी ऱ्हास."

भाईदासनं हाताची माती धोतराला पुसली. मग त्यानं विचारलं, "अक्का, परवा मायनी घागर भरानी शे. ती कोठे पुरू?"

वस्तीतल्या कुणालाही जागा विचारायची तर अक्कालाच विचारत. एरवी ती लगेच बोट दाखवी. ह्या वेळी तिनं हात कमरेवर ठेवले. "माले काय इचारस? ठेका तुना शे. तूच सांग, कोठे जागा ठेवी ऱ्हायना."

भाईदासनं रांगेकडे बघितलं. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. मग खाली वाकून त्यानं खापऱ्या बाजूला ठेवल्या आणि दोन्ही हातांनी माती पुन्हा मुळांवर लोटायला लागला. धुरपदाही बसली. बिजलाच्या माणसांनी पायानं माती दाबली.

इथे गोष्ट गोड करून संपवता आली असती. तशी ती झाली नाही. भाईदासनं ठेका परत केला, मेंबरांच्या दारोदार हिंडला, आणि सांगत सुटला, की रस्ता दुसऱ्या अंगाला सरकवा, तिथे जिनाची पडीक जागा आहे. जिनाचे मालक अडले. वाद रेंगाळला. शेवटी अर्धं ह्यांचं, अर्धं त्यांचं असं झालं, आणि वळणावरचे काही निंब गेलेच. अभिमनचा निंब त्यात होता. ज्या दिवशी तो पडला, त्या दिवशी अक्का जिनात गेली नाही. मुन्सिपाल्टीच्या पायरीवर जाऊन बसली, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक मेंबराला एकच प्रश्न विचारत राहिली: गेलेल्या झाडांच्या बदल्यात पिंप्राळ्यापर्यंत रोपं लावायचा हुकूम कधी देता? एक मेंबर वैतागून म्हणाला, म्हातारे, तुला झाडांचं इतकं का? ती म्हणाली, "मना भाऊले तुम्ही पाडी टाकं. आते त्याले कोठे ठेवू?" हुकूम निघाला. रोपं लागली. खड्डे वखारीच्या माणसांनी घेतले, काटे भाईदासनं दिले, आणि सुंदरबाईची घागर त्या नव्या रांगेत नाही, तर जुन्या रांगेत, मुलाच्या निंबाशेजारी पुरली. आता आखाजीला झोका भाईदासच्याच फांदीला बांधतात, पण झोका वर गेला की पोरी सुंदरबाईच्या निंबाला पाय लागू नये म्हणून गुडघे मुडपतात. बघा कधी जाऊन.

पंगतीतली थट्टा? ती थांबली नाही. फरक एवढाच पडला, की कुणी कावळ्याचं काढलं, की भाईदास म्हणू लागला, "वाढ, वाढ. मी झाडाचा मालक, कावळा माझं कूळ."

अक्का गेल्या हिवाळ्यात गेली. काही दुखणं नाही, सकाळी उठली नाही, बस. यंदाच्या आखाजीला तिची घागर कोण भरणार, हा प्रश्नच नव्हता. भाईदासनं भरली.  कापसाची वात त्यानं स्वतः बसवली, धुरपदा धुळ्याहून आली होती, तिनं खरबूज ठेवलं. जागेवरून मात्र थोडी बोलाचाली झाली. कुणी म्हणालं, तिच्या नवऱ्याच्या जागेवर लावा. भाईदास म्हणाला, नको, ती स्वतः म्हणायची ती जागा खराब, तिथे कुणी टिकत नाही. मग तिला समोरच्या अंगाला लावलं, जिथून सगळी रांग दिसते. नाहीतर ती कुणाला सुखानं वाढू देणार नाही.

यंदा स्वराज्य आलं. ऑगस्टात गावानं झेंड्याचे खांब रोवले, मिरवणुका काढल्या, त्याच रस्त्यानं गेल्या. छान झालं. पण त्या गर्दीत कुणीतरी अक्काच्या रोपाचं काट्याचं कुंपण तुडवलं आणि कुणी वाकून सरळ केलं नाही. खांबांना पाणी घालायचं नसतं, म्हणून ते लावायला सोपे. भाईदासनं दुसऱ्या दिवशी नवे काटे आणले. तो किती दिवस आणणार?

रोप अजून गुडघ्याएवढंच आहे. फाटकाकडून निघालात तर डाव्या हाताला, काट्यांच्या मध्ये, शेजारी घागरीचा गळा मातीतून वर दिसतो आणि त्यावर एक खापर झाकलेलं असतं. येता उन्हाळा त्याचा पहिलाच पुरा. म्हणून तुम्हाला सांगणं आहे: उद्या त्या रस्त्यानं जाल, तेव्हा सायकलवरून उतरा, हौदावरून तांब्याभर पाणी घ्या, खापर उचला आणि अक्काच्या घागरीत ओता. आणि जवळपास शेळी दिसली, तर आधी ती हाकला.